खांदा

असगर वजाहत यांचं 'जिस लाहौर नइ देख्या ओ जम्याइ नइ' पूर्वी वाचलं होतं. हबीब तन्वीर यांनी ते गाजवलं, शफाअत खान यांनी 'राहिले दूर घर माझे' म्हणून मराठीत आणलं, हेही ठाऊक होतं. पाहिलं मात्र गेल्या महिन्यात, एका हौशी संघाचा हिंदी प्रयोग.

१९४७ची फाळणी. लखनौहून निर्वासित होऊन आलेल्या सिकंदर मिर्झांना लाहोरात एका हिंदू जवाहिऱ्याची बावीस खोल्यांची हवेली मिळते. वर जाऊन पाहतात तर जवाहिऱ्याची म्हातारी आई तिथेच! ती हलायला तयार नाही. घरात तिचा काटा काढायची भाषा सुरू होते.

खरं सांगतो, सुरुवातीला मी मिर्झांच्या बाजूने होतो. लुटून आलेला माणूस, पदरी पोरं, हातात अलॉटमेंटचा कागद. भाड्याचं घर बघताना नाव सांगितल्यावर ज्याने 'कळवतो' ऐकलंय, त्याला त्या कागदाची किंमत कळते.

मग म्हातारी हळूहळू सगळ्या गल्लीची माई होते. आणि मरते. मौलवी सांगतात, तिचे अंत्यसंस्कार तिच्याच धर्माप्रमाणे व्हायला हवेत. पण करायचं कसं? गल्लीत एकही हिंदू उरलेला नाही. मग मुसलमान शेजारी आठवायला लागतात, मागे सोडून आलेल्या गावांत शेजाऱ्यांकडे काय काय पाहिलं होतं ते. तिरडी कशी बांधतात, नेताना काय म्हणतात. त्या मौलवींचा शेवटी मशिदीतच खून होतो. प्रेक्षागृह सुन्न झालं होतं. माझं मन मात्र त्या तिरडीपाशीच अडकलं होतं.

अब्बांची मय्यत उचलली तेव्हा आमच्या इमारतीतले सगळे जिन्यात उभे होते. शेजारचे काका, अब्बांचे रोजच्या चहाचे सोबती, पुढे आले. हळूच विचारलं, "मी खांदा दिला तर चालेल ना?"

चालतं. गावाकडे दादाजींच्या जनाज्याला अर्धी पाटीलवाडी होती. तरी मी म्हणालो, "राहू द्या काका, आमची माणसं आहेत."

आमची!

काका चपला काढून फाटकापाशी उभे राहिले. जनाजा वळेपर्यंत तिथेच होते.

परवा जिन्यात भेटले. नाटकाचं सांगितलं. म्हणाले, "पुन्हा लागलं तर मलाही ने." हो म्हणालो. त्या दिवसाचं बोलायचं होतं, पण माझ्याने बोलवलं नाही.