मोडक्या मोटारीचे मोल

माझ्या मोटारीच्या मृत्यूची वार्ता ज्या तरुणाने मला सांगितली, तो मोठा सभ्य गृहस्थ होता. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील एका गॅरेजात ती उभी होती. विमा कंपनीचा सर्व्हेअर म्हणून आलेल्या या तरुणाने तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, वाकून चासीचा क्रमांक वाचला, मोबाईलवर आठ-दहा छायाचित्रे घेतली, आणि रुमालाने हात पुशीत तो मला म्हणाला, "सर, टोटल लॉस." शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर येऊन डॉक्टर नातलगांशी ज्या आवाजात बोलतात, तसाच तो आवाज होता. मी "बरे" म्हणालो. अशा प्रसंगी मनुष्य दुसरे काय म्हणणार?

मोटार २००६ सालची, मारुती ८००. १९८३ च्या डिसेंबरात या जातीची पहिली मोटार कारखान्यातून बाहेर पडली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. या तीस वर्षांत आमच्या वर्गातील किती माणसे तिच्या चाकापाशी बसून प्रथम घामाघूम झाली असतील, याची गणती नाही. माझ्या मोटारीला २०२१ साली पंधरा वर्षे पूर्ण झाली, तेव्हा बारामतीच्या परिवहन कार्यालयाने तिची तपासणी करून तिला आणखी पाच वर्षांचे आयुष्य कागदोपत्री बहाल केले होते. शासनाने आयुष्य वाढवून द्यावे आणि विमा कंपनीने ते मध्येच तोडावे, असा योग तिच्या पत्रिकेत होता.

तिचे काम एकच. दर रविवारी सकाळी मला बारामतीहून इंदापुरास न्यावयाचे आणि सायंकाळी परत आणावयाचे. इंदापुरास जुन्या घरात माझी आई राहते. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, निमगाव केतकी ही गावे मला आता पाढ्यासारखी पाठ झाली आहेत. आषाढवारीत तुकोबांची पालखी याच वाटेने पंढरपुरास जाते. काटेवाडीस पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते ते याच रस्त्यावर. वारकऱ्यांना जे अंतर चालावयास काही दिवस लागतात, ते मी तासा-सव्वातासात तोडीत असे, आणि तरीही वाटेत कुरकुर करीत असे.

२०२३ च्या जानेवारीतील एका रविवारी आम्ही उभयता इंदापुराहून परतत होतो. उसाच्या गाळपाचे दिवस. या दिवसांत संध्याकाळनंतर हा रस्ता माणसांचा नसतो, उसाचा असतो. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर डोंगरासारखा रचलेला ऊस, आणि पुढे कर्ण्यातून चाललेली गाणी. अशीच एक ट्रॉली चाक निखळून रस्त्याच्या कडेला उभी होती. मागे दिवा नव्हता; सूचना म्हणून दोन दगड तेवढे मांडले होते. समोरून येणाऱ्या प्रकाशाने माझे डोळे दिपले, आणि मला दगड दिसले तेव्हा ब्रेकवर उभे राहण्याखेरीज करण्यासारखे काही उरले नव्हते. पत्नीचे मनगट मुरगळले. मला खरचटलेसुद्धा नाही. मोटारीचे तोंड मात्र पार आत गेले. जो घाव आमच्यापर्यंत यावयाचा, तो तिने स्वतःच्या नाकावर झेलला होता. जवळच ऊसतोड कामगारांच्या कोप्या होत्या. त्या माणसांनी मोटार ढकलून कडेला घेतली, आम्हाला बाजेवर बसविले, चहा दिला. ट्रॅक्टरवाला पोरगा थरथरत होता. तरी त्यानेच माझे सांत्वन केले: "इमा हाय ना, सर?"

पुढील आठ दिवसांत हा प्रश्न मला निदान पन्नास जणांनी विचारला. मीही प्रत्येकास "आहे, आहे" असे उत्तर देऊन निश्चिंत झालो. विमा आहे, म्हणजे काय आहे, हे मात्र मला ठाऊक नव्हते. घरात गीतेची पोथी असणे आणि गीता वाचलेली असणे यांत जे अंतर, तेच येथेही होते.

'टोटल लॉस' या शब्दाचा माग काढावयास मी बसलो तो अध्यापकाच्या सवयीने. हा शब्द मूळचा समुद्रावरचा. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये एडवर्ड लॉइड नावाच्या गृहस्थाच्या कॉफीच्या दुकानात व्यापारी आणि तांडेल जमत, आणि तेथेच गलबतांच्या विम्याचे व्यवहार होत. त्या दुकानाची पुढे जगप्रसिद्ध संस्था झाली. १७९९ साली बुडालेल्या 'ल्यूटीन' नावाच्या जहाजाची घंटा १८५८ साली समुद्रातून वर काढण्यात आली. ती या संस्थेच्या दालनात टांगलेली आहे. गलबत बुडाल्याची वार्ता आली की तिचा एक ठोका पडे, आणि ज्याची आशा सोडली होती ते सुखरूप पोहोचले की दोन. गलबत प्रत्यक्ष तळाशी गेले नाही, पण ते वर काढून डागडुजी करण्यास त्याच्या किमतीहून अधिक खर्च येणार असेल, तर तेही बुडालेच असे समजावयाचे, हा त्या व्यवहारातील नियम. माझी मोटार या दुसऱ्या प्रकारची. ती बुडाली नव्हती. ती बुडाली असे समजण्यात आले होते. आणि तिच्यासाठी कोणी घंटा वाजविली नाही.

मोटारींच्या बाबतीत या समजण्याचे गणित ठरलेले आहे. पॉलिसीवर मोटारीची एक किंमत छापलेली असते. विमेवाले तिला आद्याक्षरांनी 'आयडीव्ही' म्हणतात, आपण तिला घोषित किंमत म्हणू. विम्याच्या अटी लावून दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला, की मोटार गेली. नव्या मोटारीची घोषित किंमत कोष्टकावरून निघते: सहा महिन्यांच्या आत ५ टक्के घट, आणि चौथे वर्ष संपून पाचवे लागले की ५० टक्के. पाच वर्षांपुढे कोष्टक मुके होते. त्यानंतर ती किंमत कंपनी आणि मालक यांनी परस्परसंमतीने ठरवावयाची. माझ्या पॉलिसीवर ४८,००० रुपये होते. गॅरेजवाल्याचा अंदाज ७८,००० चा. जुन्या मोटारीच्या सुट्या भागांवरील घसारा वजा जाता सर्व्हेअरने तो ४१,००० वर आणला. ४८,००० चे ७५ टक्के म्हणजे ३६,०००. निकाल स्पष्ट होता.

स्पष्ट नव्हते ते पुढचे. तीन आठवड्यांनी कंपनीचे पत्र आले. माझ्या मोटारीचा चालू बाजारभाव ३५,००० रुपये असून त्यातून मोडीचे १५,००० आणि नियमाप्रमाणे माझ्या वाट्याचे १,००० वजा जाता १९,००० रुपये मिळतील, मोड मी ठेवून घ्यावी, खाली सही करावी, असा मजकूर. गणित वजाबाकीचे असल्याने त्यात चूक काढता येत नव्हती. फक्त सुरुवातीचा आकडा कोठून आला, हे कळत नव्हते.

तेव्हा मी प्रथमच माझी पॉलिसी वाचली. आयुष्यभर इंग्रजी गद्य शिकविले. पण इतके दाट गद्य माझ्या वाचनात आले नव्हते. तथापि त्या जंगलात एक वाक्य सापडले. मोटार पूर्ण नष्ट झाली असे ठरेल तेव्हा घोषित किंमत हाच विम्याच्या मुदतभर तिचा बाजारभाव मानावा, त्यात आणखी घट करू नये, अशा अर्थाचे. म्हणजे ३५,००० हा आकडा कंपनीच्याच कराराने खोटा पडत होता. शोध घेता असेही कळले की, हप्ता घेताना एक किंमत मान्य करावयाची आणि देण्याची वेळ आली की तीच नाकारावयाची, या वृत्तीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली मोटारीच्याच एका खटल्यात विमा कंपन्यांना खडे बोल सुनावले आहेत.

मी कंपनीच्या तक्रार-निवारण अधिकाऱ्यास पत्र लिहावयास घेतले. करहेकाठच्या याच गावी मोरोपंत राहिले, आणि आयुष्याच्या संध्याकाळी त्यांनी देवापुढे 'केकावली'ची आर्त तक्रार मांडली. त्यांना एक सोय होती: ज्याच्याकडे गाऱ्हाणे करावयाचे तो दयाळू आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. माझ्यापाशी श्रद्धेच्या ठिकाणी फक्त पॉलिसीचे कलम होते. म्हणून मी अलंकार गाळले. कलम, आकडे, तारीख, आणि शेवटी एवढेच लिहिले की एक महिन्यात समाधानकारक उत्तर न आल्यास मी पुण्यास विमा लोकपालांकडे जाईन. या लोकपालांकडे जाण्यास वकील लागत नाही, फी लागत नाही. मात्र आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर वाट पाहिलेली असावी लागते. ही गोष्ट ज्यांना ठाऊक नाही असे किती लोक सांगितलेल्या ठिकाणी सही करून मोकळे होत असतील, हा विचार मनात आला आणि पत्राला थोडी धार चढली.

सव्विसाव्या दिवशी उत्तर आले. कंपनीने ४८,००० मान्य केले. मोड मी ठेवणार नाही असे कळविले होते, त्यामुळे १,००० वजा जाता ४७,००० रुपये. मी ते पत्र पत्नीस मोठ्याने वाचून दाखविले. शिक्षकदालनातही त्याचे एक पारायण झाले. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या वाक्यांचे अर्थ सांगणाऱ्या मनुष्यास एका वाक्याचा अर्थ काढून अठ्ठावीस हजार अधिक मिळावेत, हा लहान विजय नव्हे.

त्याच सायंकाळी त्या सर्व्हेअरचा अभिनंदनाचा फोन आला. बोलता बोलता तो सहज म्हणाला, "सर, पॉलिसीत पासष्ट हजार असते ना, तर तुमची गाडी दुरुस्तीलाच गेली असती."

फोन ठेवल्यावर मी कागद ओढला. ६५,००० चे ७५ टक्के ४८,७५०. दुरुस्तीचे ४१,०००. पदरचे काही घालावे लागले असते. पण मोटार वाचली असती. आणि मग मला ऑगस्टमधील दुपार आठवली. विम्याच्या एजंटाने फोनवर विचारले होते, "सर, किंमत किती लावू? पासष्ट लावतो." मी म्हणालो होतो, "छे हो, सोळा वर्षांची गाडी! सर्वांत कमी किती चालेल ते लावा." त्यात मी जेमतेम तीनशे रुपये वाचविले होते. त्या तीनशे रुपयांचे काय केले, ते आज मला सांगता येणार नाही.

महिनाभर मी ज्या अन्यायाविरुद्ध लेखणी परजीत होतो, त्याचा पहिला अर्धा भाग माझ्याच हस्ताक्षरातला होता. कंपनीने माझ्या मोटारीची किंमत कमी केली खरी. परंतु तिच्याआधी ती मी केली होती, आणि तीही ज्या दिवशी मोटार धडधाकट दारात उभी होती त्या दिवशी. वस्तू हातची जाणार नाही अशी खात्री असते, तेव्हाच मनुष्य तिचा भाव पाडतो. गेल्यावर मात्र तो तिच्या मोलाचे भांडण करावयास उठतो, आणि त्या भांडणात त्याला फार न्यायप्रिय असल्यासारखे वाटते.

पाच वर्षांपुढील किंमत परस्परसंमतीने ठरते, हे वाक्य त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या मनात घोळत राहिले. आईला चार वर्षांपासून ऐकू कमी येते. यंत्र घेऊ म्हटले की ती म्हणे, "आता माझं काय राहिलंय? माझ्यावर कशाला पैसे घालतोस, मुलांना होतील." मी दोनदा आग्रह केला; तिसऱ्या वेळी केला नाही. तिने स्वतःचे मोल कमी सांगितले, आणि मला ते सोयीचे असल्याने मी मान्य केले. दोन्ही पक्षांची संमती होती. पॉलिसीवर सही तेवढी झाली नव्हती.

मोटारीची नोंद रद्द करण्यासाठी नोंदणीपुस्तक बारामतीच्या कार्यालयात दिले, त्याच्या पुढच्या रविवारी मी एस.टी.ने इंदापुरास गेलो. आईला घेऊन एस.टी.नेच परत आलो आणि कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. ती वाटभर नको नको म्हणत होती. या वेळी मी संमती दिली नाही.

यंत्र कानात बसवून आम्ही बाहेर आलो तेव्हा रस्त्यावर कर्णा वाजवीत उसाचा ट्रॅक्टर चालला होता. आई थबकली, पदर सावरून थोडा वेळ ऐकत उभी राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "केवढा गोंगाट रे हा! केव्हापासून चाललाय?"

"चार वर्षांपासून," मी म्हणालो. या वेळी मला ते ओरडून सांगावे लागले नाही.