रसविघ्न आणि लोभ

एबीसी वाहिनीवरील ‘डार्क शॅडोज’ ही अमेरिकन मालिका २ एप्रिल १९७१ रोजी बंद झाली. १९६६ पासून तिचे १२२५ भाग दाखवले गेले होते. शाळेतून धावत घरी येऊन ती पाहणारी मुले आज साठी ओलांडून गेली आहेत; तरी बार्नबस कॉलिन्स या रक्तपिपासू पिशाचावरील त्यांचा लोभ आटलेला नाही. हा लोभ भयानकातून उपजलेला नव्हे. चित्रण सहसा एका दमात उरकले जाई. त्यामुळे मायक्रोफोनची दांडी चौकटीत डोकावे, जोनाथन फ्रिड हा नट संवाद विसरून अडखळे. अभिनवगुप्तांच्या परिभाषेत हे रसविघ्नच. तन्मयता येथे भंगते. परंतु भंगलेल्या तन्मयतेच्या जागी निराळीच आत्मीयता आली. चाचपडणारा नट आणि आपल्या शापाने शरमलेले पिशाच यांची दुःखे प्रेक्षकाला वेगळी काढता येईनात. (असा क्षमाशील प्रेक्षक ‘सहृदय’ म्हणावा की नाही, हे शास्त्राने ठरवावे.) अखेरच्या कथानकात तर बार्नबस नव्हताच, फ्रिड दुसऱ्याच भूमिकेत होता. शेवटच्या भागात एका मानेवर दातांच्या खुणा उमटतात आणि निवेदक सांगतो, त्या जनावराच्या आहेत. पिशाचाचा निरोप घ्यायचा राहूनच गेला.