पाच-पाच वर्षांचं पासिंग

चाळिशी आली हे आरशात कळत नाही, फॉर्म भरताना कळतं. २००५ साली काढलेलं माझं ड्रायव्हिंग लायसन्स २०२५ मध्ये संपलं. रिन्यू करायला बसलो तर म्हणे डॉक्टरच्या सहीचा 'फॉर्म वन-ए' जोडा, कारण वय चाळीसच्या वर. तोपर्यंत 'मी ठणठणीत आहे' हे आपण स्वतःच लिहून दिलं तरी चालायचं. चाळिशीनंतर सरकार म्हणतं, असाल हो ठणठणीत, पण डॉक्टरला लिहून द्यायला सांगा :)

गाड्यांचंही असंच. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं. मग गाडी आरटीओत दाखवायची, पर्यावरण कर भरायचा, आणि ती पास झाली तर पुढची पाच वर्षं मिळतात. (२०२२ च्या एप्रिलपासून याची फी ६०० वरून एकदम ५,००० झाली.) आपल्याकडे या सगळ्या प्रकाराला एकच शब्द आहे, पासिंग. माणसांनाही हाच नियम आहे हे मला उशिरा कळलं. पंचावन्नच्या पुढे लायसन्स पाच-पाच वर्षांचंच मिळतं.

आमच्या घरी या नियमात बसणारे दोघं आहेत. एक २००८ ची मारुती ८०० आणि दुसरे माझे बाबा. दोघांचंही पासिंग २०२३ मध्ये झालं, दोघांचीही मुदत २०२८ ला संपते.

आम्ही मूळचे बोरी अरबचे. यवतमाळहून दारव्ह्याकडे निघालं की वाटेत अडाण नदी लागते, तिथलं गाव. पुण्यात गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न हमखास दुबईचा येतो. असो.

शाळेत असताना आयुष्य फार सोपं होतं. एकदाच पास व्हायचं होतं. दहावीला '२१ अपेक्षित' नावाचे प्रश्नसंच मिळायचे, आठवतात? त्यात काय अपेक्षित आहे ते तरी छापलेलं असायचं. घरची अपेक्षा कुठेच छापलेली नव्हती, पण पाठ होती. दहावी, बारावी, इंजिनिअरिंग, पुणे. बाबांची कापसाची शेती. त्यांनी 'डॉक्टर हो', 'इंजिनिअर हो' असं कधी म्हटल्याचं आठवत नाही. ते एवढंच म्हणायचे, "वावरात पडू नको." तेव्हा वाटायचं, यांना कौतुकच नाही कशाचं. पुढे २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या सहात यवतमाळ होतं. मी तेव्हा हिंजवडीत एसीत बसून ती बातमी वाचली. बाबांच्या त्या तीन शब्दांत काय होतं, ते त्या दिवशी कळलं.

निकालाच्या दिवशी बाबांचा एकच प्रश्न असायचा, "किती आले?"

अभ्यासाच्या मधे यायच्या त्या दोन गोष्टी. पहिली टीव्ही गेम. खरा निन्टेंडो आम्ही कोणीच पाहिला नव्हता. त्याच्या नकला मिळायच्या आणि पिवळ्या कॅसेटवर '९९९९ इन १' असं लिहिलेलं असायचं, आत तेच ते पाच-सहा गेम. मारिओ आणि काँट्रा हे खरे. काँट्रात फक्त तीन लाइफ. गेम सेव्ह करायची सोय नाही, आणि आमच्याकडे 'लाइन' कधी जाईल याचा नेम नाही. शेवटच्या स्टेजला पोचलो आणि लाइन गेली की पुन्हा पहिल्यापासून.

मग यवतमाळच्या मावसभावाने तो मंत्र दिला. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. तीन लाइफच्या तीस! हा कोड कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतोचा. 'ग्रेडियस' नावाचा गेम तपासताना त्याला स्वतःलाच तो जमेना, म्हणून त्याने आपल्या सोयीसाठी कोड टाकला आणि तो काढायचा राहून गेला. टेस्टिंगचा कोड प्रॉडक्शनमध्ये गेला आणि जगाचं भलं झालं, असं हे बहुधा एकमेव उदाहरण. हाशिमोतो २०२० मध्ये गेला.

दुसरी गोष्ट गाड्या. आमचं ऑटो एक्स्पो म्हणजे गावातला रस्ता. एसटी, कापसाचे ट्रक, माणसं लटकलेली काळीपिवळी कमांडर, आणि १९९४ नंतर टाटा सुमो. सुमो हे नाव जपानी पैलवानांवरून नाही, टाटांच्या सुमंत मुळगावकरांवरून आलं, ही माहिती वर्गात मला एकट्याला होती. तिला मार्क नव्हते. शेवटच्या बाकावरचा माझा एक मित्र तर डोळे मिटून नुसत्या आवाजावरून गाडी ओळखायचा. त्यालाही त्याचे मार्क नव्हते. दहावीत तो गेला. आज रस्त्यालगत त्याचं गॅरेज आहे.

२००८ मध्ये मी मारुती ८०० घेतली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. एप्रिल २०१० पासून पुण्यासह तेरा शहरांत तिची विक्री थांबली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादनच बंद झालं. त्याच्या आदल्याच वर्षी माझी गाडी बाबांकडे बोरीला गेली. साठीत शिकलेले ड्रायव्हर आहेत बाबा. यवतमाळचं मार्केट, दारव्ह्याची बँक, कुणाची सोयरीक, सगळीकडे गाडी. तिच्यावर त्यांचा जितका जीव आहे तितका माझाही कधी नव्हता.

आता बाबा त्र्याहत्तरचे आहेत. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. मी दर रविवारी पुण्याहून फोन करतो आणि विचारतो, "शुगर किती आली?"

मागच्या दिवाळीत हा प्रश्न विचारल्यावर बाबा हसायला लागले. म्हणाले, "आता तू माझा रिझल्ट पाहून राहिला का?"

त्याच मुक्कामात गॅरेजवाल्या मित्राने मला बाजूला घेतलं. "गाडीचं टेन्शन नको घेऊ बे, अठ्ठावीसला पण पास करून देतो. काकांचं पाह्य. रात्री समोरून लाइट आला की ते गाडी रस्त्याच्या खाली घेतात." हे मला सहाशे किलोमीटरवरून दिसणारच नव्हतं. कागदोपत्री सगळं ठीक होतं. लायसन्स चालू, फॉर्म वन-ए वर सही.

किल्ली काढून घेणं तसं सोपं होतं, ती खुंटीलाच असते. पण बाबा गाडीने जातात म्हणून चार लोकांत असतात. किल्ली गेली की ते ओट्यावर बसणार, आणि ओट्यावर बसलेली माणसं किती लवकर म्हातारी होतात ते मी गावात पाहिलंय. दुसरीकडे तो रस्ता, ते ट्रक. खरं सांगतो, माझ्या नोकरीत इतका अवघड निर्णय मला कधी घ्यावा लागला नाही.

शेवटी मी सरळ बोललो. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुले सायकल दिली तेव्हा मी मागं पळत नव्हतो." मी म्हटलं, "पण अंधारात दिली नव्हती ना तुम्ही."

तर आता ठरलंय असं. दिवस मावळला की गाडी घरात. यवतमाळला जायचं असेल तर मित्र घेऊन जाणार, पेट्रोलचे पैसे मी देणार (तो घेत नाही, तो वाद चालू आहे). दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं की पुन्हा बघू. शाळेत आम्हाला वाटायचं, एकदा पास झालं की सुटलो. आता माझी शुगर कंपनी दर वर्षी मोजते, बाबांची मी मोजतो, आणि आमच्यापैकी कुणालाच तीस लाइफचा कोड माहीत नाही. पाच वर्षं मिळतात, तेवढी नीट चालवायची.

माझा मुलगा मोबाइलवर रेसिंग खेळतो आणि मला दर वेळी हरवतो. परवा त्याने विचारलं, "बाबा, तुम्ही एवढ्या लवकर ब्रेक का मारता?"

त्याला म्हटलं, सवय लागली रे.