तेलाची वाट

डेट्रॉइटच्या उपनगरात राहून आम्ही दर मंगळवारी बोलिंगला जातो, असे पुण्यात सांगितले की समोरच्याला क्रिकेटच आठवते. 'या वयात?' असा प्रश्नही येतो. हे बोलिंग निराळे. ६० फुटांची गुळगुळीत पट्टी, टोकाला दहा पिना आणि हातात १५ पाउंडांचा चेंडू.

पाहणाऱ्याला पट्टी कोरडी दिसते. वस्तुतः तिच्या पहिल्या सुमारे ४० फुटांवर तेलाचा थर असतो. पूर्वी लाकूड झिजू नये म्हणून तो देत; आता खेळाचे अर्धे मर्म त्यातच आहे. तेलावर चेंडू घसरत जातो, तेल विरले की पट्टीला पकडतो आणि वळतो. पट्टीच्या रुंदीत ३९ फळ्या. नेहमीच्या खेळासाठी मधल्या फळ्यांवर तेल दाट आणि कडेला विरळ ठेवतात. त्यामुळे चेंडू चुकून बाहेर गेला तर कोरड्या जागेवरून आत परततो, आत गेला तर तेलावर तग धरतो. दोन्ही चुका पोटात घालणारी ही व्यवस्था आम्हांस फार उशिरा कळली.

चार वर्षांपूर्वी आम्ही एक महागडा चेंडू घेतला. रिॲक्टिव्ह रेझिनचे आवरण, तेही बिनचकाकीचे. आत असममित गाभा. असे आवरण तेल शोषते आणि दाट तेलातही पकड घेते. आमची सरासरी १६२ वरून १८७ वर गेली. हे श्रेय आम्ही मनगटाला दिले. चेंडूला थोडेसे. तेलाला मुळीच नाही.

पुढच्या वसंतात संघ परगावी स्पर्धेला गेला. आमच्यातले ज्येष्ठ गृहस्थ, मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले, गुडघ्यामुळे त्यानंतर खेळणार नव्हते. तिथे तेल अवघे ३५ फूट. जाणकारांचा एक ठोकताळा आहे: तेलाच्या लांबीतून ३१ वजा करावेत आणि उरेल त्या फळीच्या आसपास चेंडू वळू द्यावा. म्हणजे चौथी फळी, कडेच्या पन्हळीला जवळजवळ लागून! ज्येष्ठांनी आपला जुना युरेथेनचा चेंडू काढला. तो एकदम उसळी न घेता सावकाश वळतो. अशा ठिकाणी तोच हवा. आम्ही मात्र ना नववी फळी सोडली, ना नवा चेंडू. पुढच्या २५ कोरड्या फुटांत तो इतका वळे की पहिल्या पिनेच्या भलत्याच अंगाला जाऊन आदळे. मागे उरत दूरदूर उभ्या दोन पिना. ज्येष्ठांनी एकदाच सुचवले, प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन पाहा, तो कमी वळतो. एवढे पैसे का त्यासाठी मोजले, असे आम्ही मनात म्हटले आणि हसून नकारार्थी मान हलवली. पहिला डाव १२९, दुसरा १३४. संघ ११ पिनांनी बाहेर पडला.

परतताना गाडीत ते बेसबॉलविषयी बोलत राहिले. आमच्या खेळाचा विषय त्यांनी काढला नाही, आणि तेच आम्हांस अधिक लागले. उतरताना आपला युरेथेनचा चेंडू आमच्या पायाशी ठेवून गेले.

बोलिंगच्या चेंडूची छिद्रे मालकाच्या बोटांच्या मापाने पाडलेली असतात. ती बुजवून नवी पाडून देणारे दुकान आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. तीन हिवाळे झाले, चेंडू कपाटातच आहे. मधूनमधून आम्ही त्यात बोटे घालून पाहतो. अंगठा आत सैल हलतो.