उपाख्यानाचे बळ

महाभारतातून नळ-दमयंतीची कथा वगळली, तरी कौरव-पांडवांचे युद्ध अडत नाही. असे असूनही वनपर्वात बृहदश्व ऋषी ती युधिष्ठिराला सविस्तर सांगतात. द्यूतात राज्य गमावून अरण्यात बसलेला राजा, द्यूतातच राज्य गमावलेल्या दुसऱ्या राजाची कथा ऐकतो आणि त्या कथेच्या उजेडात आपल्याला युधिष्ठिरही अधिक स्पष्ट दिसू लागतो. अशा कथेला आपल्या परंपरेने उपाख्यान म्हटले. ‘उप’ म्हणजे जवळ. जवळच्या गोष्टीला कमी प्रतीची समजण्याचे काही कारण नाही.

आजच्या पडद्यावरही उपाख्याने उदंड झाली आहेत. एखादी चित्रपटमाला गाजली की तिच्यातील पात्रे घेऊन ॲनिमेशनची मालिका निघते. जिवंत नटांचा चित्रपट तो खरा आणि चित्रांची मालिका ती मुलांची करमणूक, अशी विभागणी आपण सहज करून टाकतो. या विभागणीविषयी मला तुमच्याशी थोडे बोलायचे आहे. त्यासाठी प्रथम सिंधुदुर्गात यावे लागेल, कारण नट आणि चित्र यांचा शेजार आमच्या जिल्ह्यात फार जुना आहे.

आमच्याकडे जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतार रंगतो. रंगमंचावर बहुधा एक बाकडे असते, तेच सिंहासन. लिखित संहिता नसते, नट ऐनवेळी संवाद रचतात. तिथून जवळच, कुडाळ तालुक्यातील पिंगुळी गावात, ठाकर समाजाचे कलावंत रामायण-महाभारतातील कथा चित्रकथीतून, कळसूत्री बाहुल्यांतून आणि चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगत आले. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. दोन्हीकडे कथा पुष्कळदा एकच असते. पण सोय निराळी. दशावतारात राक्षसाचे सैन्य एका संवादात येते आणि दुसऱ्या संवादात मरते, कारण मंडळीत माणसे मोजकी असतात. चित्रकथीच्या पानावर मात्र रथ, घोडे, बाण आणि योद्धे एकत्र मावतात.

माझे काका दशावतारात तीस वर्षे राजपार्ट करीत आले. चतुर्थीला मुंबईहून आलेला पुतण्या ‘स्टार वॉर्स : द क्लोन वॉर्स’ ही मालिका पाहत होता, तेव्हा काकांनी विचारले, “चित्राक जीव खंय असता?” ज्यांनी रात्ररात्र जागून स्वतःच्या घामाने राजा उभा केला, त्यांना हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. म्हणून त्याचे उत्तर विचारपूर्वक द्यायला हवे.

जॉर्ज लुकास यांचा ‘स्टार वॉर्स’ हा विज्ञानकथेचा चित्रपट १९७७ साली आला. त्यातील काळ्या मुखवट्याचा खलपुरुष डार्थ व्हेडर हा पूर्वी अनाकिन नावाचा गुणी योद्धा होता. तो अधःपतित कसा झाला, हे १९९९, २००२ आणि २००५ सालच्या तीन चित्रपटांत सांगितले आहे. २००५ च्या चित्रपटात, पत्नी मरेल या भयाने तो वाट सोडतो. त्याच वेळी, एकाच माणसापासून घडवलेले, एकाच चेहऱ्याचे असंख्य सैनिक एक हुकूम मिळताच आपल्याच जेडाय सेनानींवर शस्त्र चालवतात. प्रसंग भयंकर आहे. पण सुमारे सव्वादोन तासांत त्या सैनिकांची ओळख होत नाही. ज्यांना आपण ओळखत नाही, त्यांचा विश्वासघात आपल्याला फारसा जाळत नाही.

ही उणीव २००८ पासून आलेल्या ॲनिमेशन मालिकेने भरून काढली. तिच्या पहिल्याच भागात योडा हा वृद्ध गुरू गुहेत बसलेल्या तीन सैनिकांना शिरस्त्राणे काढायला लावतो आणि चेहरे सारखे असले तरी तुम्ही तिघे वेगळे आहात, असे समजावतो. पुढे १३३ भागांत या सैनिकांना नावे, सवयी, मैत्री आणि शंका मिळतात. अनाकिनला असोका नावाची शिष्या मिळते. खोट्या आरोपानंतर ती गुरुकुल सोडून जाते, तेव्हा त्याचा वडीलधाऱ्यांवरचा विश्वास का ढळला असेल, हे उमगते. सैनिकांच्या मेंदूत आज्ञापालनाची चकती बसवलेली आहे, हेही उघड होते; म्हणजे मारणारेही बळीच होते. २०२० सालच्या अखेरच्या भागात, ज्यांनी आपल्याला मारण्याचा प्रयत्न केला त्या मृत सैनिकांना असोका मूठमाती देते आणि प्रत्येक थडग्यावर त्याचे शिरस्त्राण ठेवते. हे पाहून २००५ चा चित्रपट पुन्हा पाहावा. दृश्य तेच असते. पण आता गोळी झाडणाऱ्याचाही चेहरा आपल्याला ठाऊक असतो.

चित्राला हे का साधले? एक कारण अवकाशाचे : मालिकेला वर्षे मिळाली, चित्रपटाला तास. दुसरे कारण माध्यमाचे : संगणकावर घडवलेली एक आकृती पुन्हा पुन्हा वापरता येते. एकाच चेहऱ्याचे सैनिक ही तर अशा माध्यमाची सोयच. मग केस, गोंदण आणि शिरस्त्राणावरचे रंग बदलून कलावंतांनी त्या सोयीतूनच व्यक्ती घडवल्या. तिसरे कारण आवाजाचे. त्या सर्व सैनिकांना डी ब्रॅडली बेकर या एकाच कलावंताने आवाज दिला. पिंगुळीचा कथेकरी तरी दुसरे काय करतो? चित्र स्थिर असते, बाहुलीचा चेहरा बदलत नाही. राम, रावण आणि सीता त्याच्या गळ्यात वस्तीला असतात. मी हे काकांना सांगितले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मगे तो आमच्यातलोच!”

याचा अर्थ चित्र नेहमी सरस ठरते असा नाही. या मालिकेतही काही भाग पोरकट आहेत आणि आरंभीच्या चेहऱ्यांत लाकडीपणा आहे. पहाटेच्या थंडीत राजपार्टी नटाचा आवाज फाटतो आणि त्या फाटण्यातूनच हरिश्चंद्र खरा वाटतो, ते सामर्थ्य रेषेत नाही. पण उपाख्यानाचे काम मूळ कथेला हरवण्याचे नसते. मूळ कथेने घाईत ओलांडलेल्या माणसांपाशी थांबण्याचे ते काम आहे.

तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून हा अभ्यास करीत आहेत. मुख्य रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याला काय काय दिसते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. तेव्हा माध्यमांतराचा अभ्यास करताना ‘मुळाशी प्रामाणिक आहे का’ एवढ्यावरच थांबू नका. नव्या रूपाने कोणाला जागा दिली, त्यामुळे मूळ कथेतील कोणता प्रसंग बदलून दिसू लागला, आणि या देवघेवीत काय हरवले, हे तीन प्रश्न विचारा. उत्तरे शोधायला तुमच्या गावचे एखादे नाटक, एखादी कथा, एखादे सोंगही पुरेसे आहे.