३५,४०० रुपयांची पावती

पावतीत खोट काढायला जागा नव्हती. सेवाशुल्क ३०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ५,४००, एकूण ३५,४००. परदेशात कामगार पाठवणाऱ्या एजंटाने माणसाकडून जास्तीत जास्त किती घ्यावे, त्यावर सरकारने घातलेली मर्यादा नेमकी एवढीच आहे. माझ्या भाच्याने मात्र त्या दिवशी टेबलावर मोजून ठेवले होते १,३०,००० रुपये. बाकीच्या ९४,६०० रुपयांचे काय, असे दाजींनी विचारले तेव्हा समोरचा माणूस चहाचा कप पुढे सरकवत म्हणाला, "काका, ते वरचे."

वरचे म्हणजे कुणाचे, हे आजतागायत कळलेले नाही.

भाचा चांदवड तालुक्यातला. आयटीआयचा वायरमन, घरी दोन एकर कांदा. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांदा निर्यात बंद केली, शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग अडवला, ११ तारखेला शरद पवार चांदवडच्या आंदोलनात येऊन गेले. त्या गर्दीत भाचाही होता. निर्यात खुली झाली ती मे महिन्यात, तोवर त्याचा लाल कांदा मिळेल त्या भावाने विकून झाला होता. इकडच्या घरांत पुढचे सांगावे लागत नाही. पतसंस्थेचे कर्ज, बोअरला पाणी नाही, आणि मुलाच्या तोंडी एकच, बाहेर जातो.

सरकारी वाट नव्हती असे नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, दहा हजार कुशल तरुण पाठवण्याचा. त्यात इलेक्ट्रिशियनही होते. पण आधी जर्मन शिका, मग पुढचे. कर्जाचा हप्ता थकलेला असताना घरात बसून परकी भाषा घोकायची सवड भाच्याला नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरात पुण्याच्या औंध आयटीआयमध्ये इस्रायलसाठी भरती झाली. राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळामार्फत, महिना १ लाख ९२ हजार पगार. पण बांधकामात त्यांना हवे होते सेंट्रिंगवाले, लोखंड वाकवणारे, प्लास्टर आणि टाइल्सवाले. वायरमन नको होता. शिवाय तिथे युद्ध चाललेले, आणि आमच्या आईने "पोराला तिकडं धाडलं तर मी जेवणार नाही" असे आधीच जाहीर केले होते.

राहिले आखात. तिकडची वाट महामार्गावरच्या एका हॉटेलातून जाते. मुंबईच्या एजंटाचा माणूस म्हणवणारा एक जण महिन्यातून एकदा तिथे बसतो. कायद्याने नोंदणी लागते ती रिक्रूटिंग एजंटाची, त्यासाठी पन्नास लाखांपर्यंतची बँक गॅरंटी ठेवावी लागते. गावोगाव फिरणाऱ्या अशा सब-एजंटाला कायद्यात जागाच नाही. तरीही मुलांना भेटतो तोच. त्याने भाच्याचा पासपोर्ट घेऊन ठेवला, मेडिकलला मुंबईला पाठवले, आणि सौदीतल्या एका कंपनीचे ऑफर लेटर दाखवले. पगार १,८०० रियाल, राहणे कंपनीचे.

भाचा सौदीत उतरला, इकामा म्हणजे तिथला राहण्याचा परवाना झाला, आणि कराराचा नवा कागद पुढे आला. १,४०० रियाल. सही कर, नाहीतर स्वतःच्या तिकिटाने परत जा. सव्वा लाखाच्या वर कर्ज डोक्यावर असलेला मुलगा काय करणार? सही केली.

मी चिडलो आणि कायदा शोधायला बसलो. एवढ्या मोठ्या देशाने आपल्या मजुरांसाठी काहीतरी केले असेलच की. आणि केलेले आहे, बरेच केलेले आहे. १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे, मुंबईत 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'चे कार्यालय आहे, ई-मायग्रेट नावाचे पोर्टल आहे. सौदीसकट १८ देशांत कामाला जाणाऱ्याची तिथे मंजुरी लागते. मालकाची नोंद, करार, पगार सगळे आधी पोर्टलवर चढते. प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची, दोन वर्षांचा हप्ता अवघा २७५ रुपये आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर दहा लाख. जाण्याआधी एक दिवसाचे प्रशिक्षणही.

मग यातले आमच्या मुलाच्या वाट्याला काहीच कसे आले नाही? कारण तो दहावी पास आहे.

ही थट्टा नाही. मंजुरीची अट आहे ती ज्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' छापलेले असते त्यांना, म्हणजे ढोबळमानाने दहावी न झालेल्यांना. दहावी झाली की शिक्का जातो. सरकार धरून चालते की हा आता शिकलेला आहे, स्वतःचे बघून घेईल. त्याचा करार कुणी तपासत नाही, विम्याची सक्ती नाही, प्रशिक्षणाची नाही. ज्या निकालाच्या दिवशी आम्ही चांदवडच्या बाजारातून पेढे आणले, त्याच दिवशी या मुलाच्या डोक्यावरचे छप्पर गेले होते. त्याचे वडील नववीतून शाळा सोडलेले. ते सौदीला निघाले असते तर त्यांचा पगाराचा आकडा भारत सरकारच्या पोर्टलवर चढला असता. शिकलेल्या मुलाचा आकडा हॉटेलातल्या माणसाच्या मोबाइलमध्ये होता.

आता, दहावी झाली म्हणजे अरबी-इंग्रजी करार वाचता येतो, हे कुणी ठरवले? आमच्याकडे दहावी झालेली माणसे पतसंस्थेचा मराठी कागदही वाचल्याशिवाय सही करतात. मीही त्यातलाच.

बरे, हे दिल्लीत कुणाच्या लक्षात आले नव्हते असेही नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने फर्मान काढले की १ जानेवारी २०१९ पासून शिक्का नसलेल्यांनीही या १८ देशांत नोकरीला जाताना पोर्टलवर नोंद करायची, निघण्याच्या किमान २४ तास आधी. नाही केली तर विमानात बसू देणार नाही. ओरड झाली. आखातातले इंजिनियर, मॅनेजर, नेहमी ये-जा करणारे सगळे खवळले. त्याच महिन्याच्या अखेरीस सक्ती थांबवण्यात आली, नोंद ऐच्छिक राहिली. ऐच्छिक गोष्ट चांदवडच्या मुलापर्यंत कोण पोचवणार? केरळमध्ये १९९६ पासून अनिवासी केरळीयांसाठी वेगळे खाते आहे, परदेशी नोकऱ्या देणारे सरकारी महामंडळ तर १९७७ पासून आहे. तिथल्या मुलाला विचारायला एक दार माहीत असते. आमच्या मुलाला माहीत होते ते हॉटेल.

तेव्हा माझे मत पक्के होते की सक्ती करा, सगळ्यांना नोंदवा, एकालाही सोडू नका. पण नंतर मुंबईतल्या एका जुन्या ओळखीच्याशी बोललो, त्याने आयुष्यभर तिकिटांचा धंदा केला. तो हसला. म्हणाला, शिक्केवाले लोक तरी कुठे मंजुरी घेऊन जातात? कितीतरी जण व्हिजिट व्हिसावर दुबईला उतरतात आणि तिथेच काम धरतात, कारण मंजुरीला वेळ लागतो आणि एजंटाला घाई असते. असे गेलेल्याच्या नशिबी ना करार, ना विमा. म्हणजे जिथे सक्ती आहे तिथेही लोक कुंपणावरून उड्या मारतातच. मग सक्ती वाढवून उड्या वाढतील की कमी होतील? मला आता नक्की सांगता येत नाही. कायदा बदलायचे मसुदे २०१९ ला आले, २०२१ ला आले, २०२५ च्या ऑक्टोबरात आणखी एक आला. मी तो उघडून हॉटेलातल्या माणसाला शोधत बसलो होतो.

भाच्याला मात्र यातल्या कशाचा राग नाही. फोनवर म्हणतो, "मामा, जाऊ द्या ना. चौदाशे तर चौदाशे. ओव्हरटाइम धरून निघतं." एजंटाचे कर्ज फिटत आले आहे, कांद्याची चाळ बांधायला पैसे पाठवले आहेत, आणि चाळ खरोखर उभी राहिली आहे. माझ्या सगळ्या तावातावाला ती चाळ आडवी येते. तक्रार कर म्हटले, 'मदद' पोर्टल आहे, वकिलात आहे, तर म्हणाला, "आणि उद्या कंपनीनं घरी पाठवलं तर?"

आता त्याला धाकट्या भावाला बोलवायचे आहे. धाकटा दहावीत गणितात अडकलेला, त्यामुळे त्याच्या पासपोर्टवर शिक्का येणार. मी म्हटले, बरेच झाले, मंजुरी घेऊनच पाठवू, करार तरी तपासला जाईल. दाजींनी परस्पर हॉटेलातल्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, शिक्क्याची भानगड नको, पोराला म्हणावं गणित काढ, मग बघू. बहिणीने दुसऱ्याच दिवशी त्याला क्लास लावला. गेली तीन वर्षे मी तेच सांगत होतो, तेव्हा कुणी ऐकले नव्हते.