बैठकीला गुण किती?

गुडघे गेले आणि मी शिकवायला लागले. कला केंद्रात लावणी नाचत होते तेव्हा अंबाजोगाईतल्या कुठल्या चांगल्या घरात मला ओसरीवरही बसू दिलं नसतं. आता युवक महोत्सव जवळ आला की कॉलेजच्या पोरी ‘मॅडम, मॅडम’ करत दारात. ट्रॉफीसोबत प्राचार्यांचा फोटो निघतो, त्यात मी नसते.

पोरींचे पाय तयार असतात. चाळ बांधले की तोडा झटक्यात उचलतात. घोडं अडतं ते बैठकीत. मांडी घालून बसायचं, एकच ओळ फिरून फिरून म्हणायची आणि दर खेपेला अर्थ बदलायचा. आधी रुसवा, मग टोमणा, मग बोलावणं. भुवई समेवर उचलायची नाही. थाप पडून जाऊ द्यायची, समोरच्याला वाटलं पाहिजे की संपलं, आणि मग उचलायची. या पोरी थापेबरोबरच उचलतात. मोबाइलवरच्या गाण्यावर बसवलेलं असतं ना; ते कुणासाठी थांबत नाही. माझा ढोलकीवाला माझ्या पापणीकडे बघून हात रोखायचा. पुण्याहून आणलेले कोरिओग्राफर तर बैठक काढूनच टाकतात. गिरक्या, धूर, दिवे. त्याला नाच म्हणा, लावणी म्हणू नका.

यंदा एक पोर आली. दसरा झाला की आई-बाप कोयता घेऊन साखर कारखान्यावर, ही वसतिगृहात. घरी सांगितलंय ‘लोकनृत्य’. भरतनाट्यम असतं तर बापानं गावभर सांगितलं असतं. लावणीची लाज जुनी. १९४८च्या सुमारास खेर सरकारनं मुंबई प्रांतात तमाशावर बंदी घातली, तेव्हा आमचा बीड जिल्हा हैदराबाद राज्यात होता. कायदा इथं आला नाही, लाज मात्र आली. बैठकीच्या लावणीत हयात घालवलेल्या यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, तरी ती लाज गेली नाही.

या पोरीनं भुवई पहिल्याच दिवशी नेमकी उशिरा उचलली. मी शाबासकी दिली, पण पोटात दुखलं. नायकिणीच्या शिव्या खाऊन मिळवलेलं हिला आयतं कसं आलं? महोत्सवात टाळ्या पडल्या तेव्हा मी ठेवणीतली नऊवारी नेसून पुढच्या रांगेत होते. परीक्षकांनी ‘कुणी बसवलं?’ विचारावं म्हणून. विचारलं नाही.

महोत्सव भरवणाऱ्यांना सांगणं एवढंच: लावणीला रेकॉर्ड बंद करा, पेटी-ढोलकी समोर बसवा, बैठकीला वेगळे गुण ठेवा. आणि शिकवणारी कला केंद्रातली असेल तर प्रवेशिकेवर तिचं नाव लिहा.